पाखरं राखायला

मला घरातून मिळालेलं पहिलं काम पाखरं राखायचं होतं. सातारा जिल्ह्यात आमचं शेत फार मोठं नव्हतं, पण शाळू निसवला आणि कणसात दूध भरलं, की उजाडायच्या आत कुणीतरी माळ्यावर जाऊन बसावंच लागे. हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा. चिमण्यांचा थवा उतरला की डबा बडवायचा आणि घसा बसेस्तोवर ओरडायचं. राखायचं पीक आणि हाकलायची पाखरं, पण काम सांगताना सगळे म्हणत, ‘पाखरं राखायला गेलीये.’ ते ऐकून कधी कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही, मलाही नाही.

त्या शब्दांचा सरळ अर्थ लागू पडतो अशी जागा मला पंधरा-सोळा वर्षांनी भेटली, तीही नॉर्वेत. उत्तर ध्रुववृत्ताच्या जरा खाली, हेल्गेलांडच्या किनाऱ्यासमोर वेगा नावाचं बेट आहे. त्याच्याभोवती समुद्रात दाणे सांडावेत तशी साडेसहा हजार बेटं पसरलेली आहेत. बेटं म्हणायची एवढंच, त्यातली बरीचशी पाण्यातून डोकं वर काढलेले खडक आहेत. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खरोखर पाखरं राखत आली. हाकलायला नाही, बोलवायला.

मी ट्रॉन्डहाइमला सांस्कृतिक वारशाच्या अभ्यासक्रमात शिकते. मे महिन्याच्या अखेरीस आमची चौदा जणांची सहल दोन मिनीबसमधून उत्तरेला निघाली. आमच्या शिक्षिकेनं आधीच बजावलं होतं, ‘ही सहल नाही, क्षेत्रभेट आहे.’ शाळेत असताना आम्हाला कार्ल्याच्या लेण्यांना नेलं तेव्हा गुरुजी हेच म्हणाले होते आणि तिथंही आम्ही सगळ्यात आधी डबे उघडले होते. इथं डब्यात ब्रेडवर तपकिरी चीज. ते गोडसर लागतं, थेट खरवडलेल्या खव्यासारखं. बाकीच्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागला, मला लागला नाही.

वाटेत ब्रॉनॉयसुंदजवळ टोर्गहातन पाहिला. हा डोंगर आरपार भोक पडलेला आहे. भोक म्हणजे एकशेसाठ मीटर लांबीचा बोगदाच, आत माणूस मुंगीएवढा दिसतो. गोष्ट अशी सांगतात, की घोड्यावरच्या एका राक्षसकुमारानं पळून जाणाऱ्या मुलीवर बाण सोडला, तो अडवायला सोम्नाच्या राजानं मध्ये आपली टोपी भिरकावली, टोपीला भोक पडलं आणि तेवढ्यात सूर्य उगवून सगळेच दगड झाले. भूगर्भवाले म्हणतात, हे काम लाटांचं आणि गोठणाऱ्या पाण्याचं. हिमयुगात बर्फाच्या भारानं जमीन दबलेली होती आणि समुद्र आजच्यापेक्षा खूप वर होता. मला दोन्ही गोष्टी पटल्या. दुसरी जास्त कामाची ठरली, कारण वेगावर गेल्यावर अश्मयुगीन वस्तीची जागा दाखवायला आम्हाला किनाऱ्याकडे न नेता वर चढवलं. दहा हजार वर्षांपूर्वी किनारा तिथं होता. बर्फाचं ओझं उतरलं तशी जमीन हळूहळू वर आली आणि तिच्यामागोमाग माणसं खाली सरकत गेली. इथली माणसं समुद्राचा काठ धरून राहिली आहेत, काठ जाईल तिकडे.

होर्नहून फेरीबोटीनं वेगाला पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि उजेड आपल्याकडच्या संध्याकाळी साडेपाचचा होता. मध्यरात्रीचा सूर्य इथं दिसत नाही, त्यासाठी अजून थोडं वर जावं लागतं. पण या दिवसांत अंधारही पडत नाही. सूर्य बुडतो आणि उजेड मागे विसरून जातो. झोप लागत नव्हती म्हणून खिडकीशी बसले, तर पाण्यावरून आवाज येत होता. ‘अऽऊऽऽ’, ‘अऽऊऽऽ’. जणू पाणवठ्यावर कुणी कुणाचं तरी गुपित फोडलंय आणि साऱ्या बायका एकदम ‘अगोबाई’ करताहेत. मला हसूच आलं. सकाळी कळलं, ते आयडर बदकांचे नर होते.

हे बदक समुद्रातलं. नर काळापांढरा, मानेवर हिरवट झाक, लग्नातल्या नवऱ्यासारखा. मादी मात्र मातीच्या रंगाची, वाळलेल्या शेवाळात बसली तर पायाखाली येईपर्यंत दिसायची नाही. या किनाऱ्याजवळ समुद्र उथळ आहे, तळाशी शिंपले भरपूर. म्हणून बदकं इथं. स्थानिक बोलीत मादीला नुसतं ‘ए’ म्हणतात. तिच्यासाठी बांधलेल्या घराला ‘ए-हूस’. आमच्या घरात आजोबांनी आजीला जन्मभर ‘ए’ एवढीच हाक मारली, त्यामुळं हा शब्द मला पाठ करावा लागला नाही.

ही ‘ए’ अंडी घालताना स्वतःच्या छातीची लव उपटून घरट्यात अंथरते. पिसांच्या खाली असते ती मऊ, राखाडी, धुरासारखी लव. पंचवीस-सव्वीस दिवस ती अंड्यांवर बसते. खायला जवळजवळ उठतच नाही, अंगावरची चरबी जाळून बसते. आमची खुडूक कोंबडी एकवीस दिवस बसायची, पण आजी तिला टोपलीतून उठवून रोज दाणे टाकायची. ही तेवढंही करत नाही. नर एव्हाना निघून गेलेला असतो. पिल्लं बाहेर आली की अंग वाळायचा अवकाश, आई त्यांना घेऊन समुद्रात उतरते, परत येत नाही. मागे राहते ती लव. माणसाची कमाई ती. पाहुणीनं जाताना गादी तशीच टाकून जावी, आणि यजमानानं तेवढ्यासाठी वर्षभर घर झाडून ठेवावं, असा हा व्यवहार.

बदक पूर्ण रानटी आहे. पिंजरा नाही, दाणा नाही, पंख कापणं नाही. तिला पटली जागा तर येईल, नाहीतर शेजारच्या बेटावर जाईल. म्हणून माणसांनी तिच्यासाठी घरं बांधली. दगडाची, फळ्यांची, उपड्या होड्यांची. आमच्याकडे कोंबड्यांचं खुराडं असतं तेवढी उंची, तोंड वाऱ्याकडे पाठ करून. स्वतःच्या घराच्या जोत्याखाली कप्पे ठेवले, ओट्याखाली ठेवले. किनाऱ्यावर येणारं शेवाळ गोळा करून सुकवलं आणि प्रत्येक कप्प्यात दरवर्षी नव्यानं अंथरलं. मादी बहुतेक करून मागच्या वर्षीच्याच जागी येते. राखणाऱ्या बायका त्यांना एकेक करून ओळखत.

लोनान नावाच्या बेटसमूहावर आम्हाला न्यायचं ठरलं तेव्हा निघायच्या आधी नियम सांगितले. भडक कपडे नकोत. उंचवट्यावर उभं राहून आकाशासमोर उठून दिसायचं नाही. पायवाट सोडायची नाही. बोलायचंच तर हळू. माझ्या अंगात पुण्याहून घेतलेलं झेंडूच्या रंगाचं रेनजॅकेट होतं. तिथली राखणदार, साठीच्या घरातली बाई, त्याच्याकडे पाहून काही बोलली नाही. नुसती बोटानं गोल फिरवल्याची खूण केली. मी ते उलटं करून घातलं. दिवसभर आतली शिवण, खिशाची अस्तरं आणि धुण्याच्या सूचनांचं लेबल मिरवत फिरले.

हे नियम आमच्यासाठी नवे केलेले नव्हते. बदकं किनाऱ्यावर चढायच्या दिवसांत पूर्वी या बेटांवर मुलांना ओरडायला बंदी असे, कुत्रं बांधून ठेवत, दोरीवर धुणं वाळत घालत नसत. अख्खं घर दबक्या पावलांनी चालायचं. त्यामागे नुसती श्रद्धा नाही, हिशेबही आहे. दचकून उडालेली मादी उडता उडता अंड्यांवर घाण टाकते. तिचा वास असा, की ती लव पुढे कशाच्याही उपयोगाची राहत नाही.

हे सगळं माहीत असूनही मी गाढवपणा केलाच. एका पडवीच्या कोपऱ्यात, हातभर अंतरावर, फळीच्या फटीतून ती दिसत होती. पाठ आमच्याकडे, चोच पंखात. अंगावरचे तपकिरी पट्टे शेवाळात इतके मिसळलेले, की आधी मला डोळा दिसला आणि मग त्याच्याभोवती बदक जमा झालं. श्वास घेताना पाठ वरखाली होत होती. फोटो हवा म्हणून मी कॅमेऱ्याच्या पिशवीचं झाकण ओढलं. वेल्क्रो होतं. ‘खर्रर्र.’

एरवी हा आवाज कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिथं कुणीतरी कापडाचं ठाण टराटरा फाडावं तसा तो वाजला. बदकानं मान वर केली. राखणदारबाईनं तळहात जमिनीकडे करून दाबल्यासारखं केलं आणि आम्ही होतो तसे थिजलो. कुणाचा पाय हवेत, कुणाचा हात नाकाशी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या, त्या गुडघ्यापर्यंत चढल्या. बदक मान ताठ ठेवून एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होतं. मला शाळेतल्या मुख्याध्यापिका आठवल्या. मग त्या मानेतला ताण जरासा सैलावला, ती इकडून तिकडे हलली, चोचीनं कडेची लव अंड्यांवर ओढून घेतली आणि पुन्हा खाली बसली. बाईचा हात खाली आला. परत बोटीत बसेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. माझंही तोंड नव्हतं.

बोटीत आल्यावर तिनं थर्मासमधली कॉफी पहिल्यांदा मलाच दिली.

या बेटांवर शेतीला जागा नव्हती. असलंच तर दोन गाई, थोडी मेंढरं, बटाट्याचे वाफे. जगणं मासेमारीवर. थंडीत पुरुष होड्या घेऊन उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासेमारीला जात, जानेवारी ते एप्रिल. बरेच परतत, काही परतत नसत. मागे गोठा, मुलं, म्हातारी माणसं आणि वसंतात येणारी बदकं हे सगळं बायकांवर. घरटी घालणं, राखण, लव गोळा करणं, साफ करणं, दुलया शिवणं, सगळा कारभार त्यांचा. युनेस्कोनं २००४ साली वेगाच्या बेटांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्या नोंदीत बायकांच्या या वाट्याचा वेगळा उल्लेख आहे. पिसांचा व्यापार तर त्याहून कितीतरी जुना. नवव्या शतकाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेतल्या हालोगालांडचा ओत्तर नावाचा सरदार इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे गेला होता. त्यानं उत्तरेतल्या मूळनिवासी सामी लोकांकडून मिळणाऱ्या खंडणीची जी यादी सांगितली, तीत कातडी आणि जहाजाचे दोर यांच्यासोबत पिसंही आहेत. हजार वर्षांपूर्वीचा माणूस परक्या राजाला आपली श्रीमंती सांगताना पिसं मोजतो, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

आता खरी अडचण सांगते. मी ज्या शिबिरांतून वाढले तिथं आम्हाला एकच धडा शिकवला होता. माणूस बाहेर काढला की निसर्ग सावरतो. गुरं थांबवा, कुऱ्हाड थांबवा, कुंपण घाला. तो धडा खोटा नाही, आमच्या गावाजवळच्या माळावर मी तो खरा ठरलेला पाहिलाय. पण इथं तो उलटा पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान लहान बेटांवरून लोक मुख्य भूमीकडे निघाले. शाळा, डॉक्टर, वीज, मोठ्या बोटींचं बंदर, सगळं तिकडे. सरकारनंही स्थलांतराला पैसे दिले. बेटं रिकामी झाली. आणि माणसं गेल्यावर बदकंही कमी होत गेली.

का? माणूस होता तेव्हा कावळे, डोमकावळे, मोठे कुरव, पाणमांजर असले अंडीचोर घराजवळ फिरकत नव्हते. १९२०च्या दशकात कातड्यासाठी अमेरिकेतून मिंक नावाचे मुंगसासारखे प्राणी आणले गेले, ते पिंजऱ्यांतून निसटले आणि पोहत पोहत बेटाबेटांवर पोचले. मिंक दगडाच्या फटीत शिरतो, घरट्यापर्यंत जातो. त्याला अडवायला आता बेटावर कुणी नाही. शेवाळ सुकवून अंथरणारं कुणी नाही. दगडी घरांची छपरं ढासळली. बदकाला माणसापासून धोका होता, हे खरंच. पण माणसाच्या सावलीत बाकीचे धोके लांब राहतात, हे या बदकानं कधीतरी ताडलं होतं. बदकं कमी होण्याचं हे एकच कारण नाही, समुद्रातही बरंच काही बदललंय. तरी राखण सुरू असलेल्या बेटांवर ती अजून येतात, हे आम्ही बघितलं.

रात्री जेवताना यावरून वाद पेटला. आमच्यातली एक मुलगी प्राण्यांपासून मिळणारं काहीच वापरत नाही. तिचं म्हणणं, हा शेवटी व्यापारच, गोड शब्दांत गुंडाळलेला. दुसरा म्हणाला, जिवंत हंसांची पिसं उपटतात तिथं बोल, इथं पक्षी गेल्यावर रिकामं घरटं उचलतात. शिक्षिका ऐकत बसली. मला वाटत होतं दोघंही बरोबर आहेत आणि दोघांनाही भूक लागलीय. लव विकली जात नसती तर या बायकांनी शेवाळ वाळवत उन्हाळे घालवले असते का? नसते घालवले. त्यात लाजण्यासारखं काय आहे, तेवढं मात्र मला कळेना. आमच्याकडेही बैलाला पुरणपोळी वर्षातून एकदाच मिळते, नांगर मात्र त्याच्या मानेवर वर्षभर.

दुसऱ्या दिवशी वेगावरच एका शेडमध्ये लव साफ करताना पाहिलं. ऐंशीच्या पुढची बाई. नॉर्वेत सगळे सगळ्यांना एकेरी नावानं हाक मारतात, पंतप्रधानालासुद्धा. मला ते या बाईच्या बाबतीत शेवटपर्यंत जमलं नाही. मनातल्या मनात मी तिला आजीच म्हणत होते. तिनं आधी माझ्या हातावर लवेचा एक पुंजका ठेवला. वजन शून्य. डोळे मिटले असते तर हात रिकामा आहे असं म्हणाले असते. पण तीन-चार श्वासांत तळवा गरम झाला, जणू आत कुणी निखारा फुंकतंय. ‘फुंकर मार,’ ती म्हणाली. मारली. पुंजका हलला, पण सुटला नाही. एकेका तंतूला बारीक आकडे असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. कालच्या वेल्क्रोसारखे. हे मी बोलून दाखवलं नाही.

घरट्यातून आणलेल्या लवेत शेवाळाचे तुकडे, गवत, अंड्याची टरफलं, सगळं असतं. ते काढायला तिच्या मांडीवर लाकडी चौकट होती. चौकटीत घट्ट ताणलेल्या दोऱ्यांच्या तारा. त्याला ते ‘दूनहार्पे’ म्हणतात, लवेची वीणा. लव तारांवर ठेवायची आणि लाकडी काठी तारांवरून खसाखसा ओढायची. तारा थरथरतात, कचरा खाली झडतो, लव एकमेकींना धरून वरच राहते. आवाज यायला लागला आणि मला एकदम घाम फुटल्यासारखं झालं. हा आवाज मला माहीत होता.

दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीत पिंजारी यायचा. खांद्यावर भलंमोठं धनुष्य, त्याला एकच तात. ‘ट्यँव, ट्यँव’ करत तो वाड्यात शिरला की घरोघरच्या गाद्या अंगणात यायच्या. दबून दगड झालेला कापूस तो त्या तातेवर धरायचा आणि ठोकळ्यानं तात छेडायचा. कापूस उसळून ढगासारखा वर यायचा. आम्हा मुलांना त्या ढगात शिरायला बंदी होती, म्हणून आम्ही शिरायचो. मी आजीला हातवारे करून हे सगळं सांगितलं. तिनं काठी थांबवली आणि विचारलं, ‘त्या हत्याराला काय म्हणतात?’ मला आठवेना. जिभेवर यायचं आणि जायचं. ‘संध्याकाळी आईला विचारते,’ मी म्हणाले. तिनं मान डोलावली, जणू हे उत्तर तिला पुरेसं होतं.

एका दुलईला ६० ते ७० घरट्यांची लव लागते. ती साफ करण्यात आठवडेच्या आठवडे जातात. दुलईची किंमत ऐकून आम्ही सगळे विद्यार्थी एकमेकांकडे बघत राहिलो. माझी वर्षभराची खोली तेवढ्यात भागली असती. ‘तुमच्याकडे होती का अशी दुलई?’ मी विचारलं. आजी हसली. ‘आमच्याकडे मेंढीच्या कातड्याची होती. ही विकायची असायची.’ आमच्या आजीनं जुन्या लुगड्यांच्या किती वाकळा शिवल्या याची गणती नाही, पण त्यातली एकही विकली नव्हती. ही मोठी गोष्ट आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं.

त्या रात्री पाहुणघरातल्या दुलईचं लेबल मी मुद्दाम शोधलं. शंभर टक्के पॉलिएस्टर.

साडेदहा वाजले होते, म्हणजे घरी पहाटेचे दोन. तरी आईला मेसेज टाकून ठेवला. तिचा फोन आला तो आमच्या सकाळी, तिची भांडी आवरून झाल्यावर. हत्याराचं नाव विचारलं तर लगेच म्हणाली, ‘धनुकली. त्यात काय?’ मग म्हणाली, तू दहावीला होतीस त्या वर्षी तो शेवटचा आला होता, आता गाद्या दुकानात मशीनवर देतात. मी तिला बेटं सांगितली, युनेस्को सांगितलं, ओत्तर आणि आल्फ्रेड राजा सांगितले. ती ‘हं, हं’ करत होती, पलीकडे पोळपाट घासल्याचा आवाज येत होता. मग मी वेल्क्रोचं सांगितलं. पोळपाट थांबला.

‘मग? बसली का परत?’

‘बसली.’

‘नक्की बघितलंस ना?’